इटू, मिटू आणि चार तोंडांचा हब

एक होती खोली. खोलीत गाण्याचा क्लास. क्लासात तीन कीबोर्ड.

थोरला वाजायचा, ढँग ढँग. मधला वाजायचा, टिंग टिंग. धाकटा वाजायचा, पी पी. म्हणून त्याचं नाव पीपू.

पीपूच्या पोटात उंदरांचं घर होतं. घरात आई, इटू आणि मिटू. इटू एवढीशी. मिटू तिच्याहूनही इवलासा. मिटूचे डोळे अजून उघडले नव्हते. मिटलेले डोळे, म्हणून तो मिटू.

पीपूवर एक लाल दिवा होता. दिवा लागला की पीपूचं पोट ऊन ऊन. त्या उबेत मिटू झोपायचा.

थंडीचे दिवस होते. एका सकाळी आई दाणे आणायला निघाली. जाताना म्हणाली, "इटू, मिटूला उबेत ठेव हं."

आई गेली. आई परत आली नाही.

दारात मांजर बसलं होतं. मिशा पुसत होतं.

त्याच दिवशी रोहिणीबाई आल्या. रोहिणीबाई म्हणजे गाण्याच्या बाई. त्यांनी एक हब आणला. चपटा, काळा, चार तोंडांचा.

"आता सगळ्यांच्या वायरी एका जागी," बाई म्हणाल्या. "तिघं मिळून वाजतील."

एका तोंडात थोरल्याची वायर. खट. एका तोंडात मधल्याची वायर. खट. एका तोंडात पीपूची वायर. खट. चौथ्या तोंडात माऊसची वायर. खट. आणि हबची वायर गेली कॉम्प्युटरमध्ये.

थोरला वाजला, ढँग ढँग. मधला वाजला, टिंग टिंग. पीपू वाजलाच नाही.

लाल दिवा विझला. पीपूचं पोट गार झालं.

इटूने मिटूला हात लावला. मिटूची शेपटी गार.

इटू म्हणाली, "पीपूदादा, पीपूदादा, ऊब दे. मिटूची शेपटी गार."

पीपू हळूच म्हणाला, "कुठून देऊ? मला वीज नाही. हब देईल वीज, तर मी देईन ऊब."

निघाली इटू. तुरुतुरु, तुरुतुरु. आली हबपाशी.

"हबकाका, हबकाका, वीज दे. पीपू देईना ऊब. मिटूची शेपटी गार."

थोरला वरून म्हणाला, "ए चिमुरडे, आधी आम्ही. आमचं पोट मोठं."

मधला म्हणाला, "उरलं तर धाकट्याला."

हब म्हणाला, "उरत नाही गं. मला तोंडं चार. पोट एकही नाही. कॉम्प्युटर देईल घास, तर मी देईन वीज." मग म्हणाला, "तू उंदीर ना? माझ्या चौथ्या तोंडाला माऊस आहे. माऊस म्हणजे उंदीरच की."

इटू धावली. तुरुतुरु, तुरुतुरु. टेबलावर कुणीतरी बसलं होतं. पाठ गोल. शेपटी लांब.

"आई?" इटू म्हणाली.

माऊस बोलला नाही. इटूने त्याला नाक लावलं. अंग गुळगुळीत. अंग गार. ती आई नव्हती.

इटू थोडा वेळ तिथेच बसली. मग परत गेली आणि मिटूला हात लावला. मिटूचे पाय गार.

निघाली इटू. तुरुतुरु, तुरुतुरु. आली कॉम्प्युटरपाशी.

"कॉम्प्युटरआजोबा, कॉम्प्युटरआजोबा, घास द्या. हब देईना वीज. पीपू देईना ऊब. मिटूची शेपटी गार. मिटूचे पाय गार."

आजोबा घुरघुरले. घर्र, घर्र.

"देतो की. एका वायरीतून एक घास. एका घासावर तोंडं चार. जास्त दिला तर मीच बंद पडेन. बाई आणतील दुसरा हब, तर काहीतरी होईल. पण त्याला पोट हवं, पोरी. नुसती तोंडं नकोत."

इटूने मिटूला हात लावला. मिटूचं पोट गार.

निघाली इटू. तुरुतुरु, तुरुतुरु. आली बाईंपाशी. चपलेवर चढली.

"बाई, बाई, दुसरा हब आणा. आजोबा देईनात घास. हब देईना वीज. पीपू देईना ऊब. मिटूची शेपटी गार. मिटूचे पाय गार. मिटूचं पोट गार."

बाई म्हणाल्या, "हब चांगला आहे. पीपू बिघडलाय."

"पण बाई, त्याला पोट हवं."

"पोट कसलं? तोंडं कमी पडत असतील. सात तोंडांचा आणते. त्यानेही पीपू लागला नाही, तर पीपू भंगारात."

बाई गेल्या. बाई आल्या. सात तोंडांचा हब लावला. खट, खट, खट, खट.

थोरला वाजला, ढँग ढँग. मधला वाजला, टिं… आणि थांबला. पीपू वाजलाच नाही.

सात तोंडं आ करून बसली होती. घास तोच. एक.

बाईंनी हब काढला. पीपूची वायर गुंडाळली. पीपूला पिशवीत घातलं आणि चालू लागल्या. तोवर इटू पीपूच्या पोटात परतली होती. इटूच्या कुशीत मिटू होता. मिटू हलत नव्हता. इटूने कान लावला. आत खूप हळू, टक… टक… टक.

कोपऱ्यावर यासीनभाईंचं दुकान. भिंतभर वायरी. एका बाजूला भंगाराचं पिंप.

"हा हब परत घ्या," बाई म्हणाल्या. "आणि हा कीबोर्ड भंगारात."

यासीनभाईंनी पीपूला उचललं. पिंपाकडे नेलं.

इटू बाहेर आली. टुणकन उडी मारली. यासीनभाईंच्या मनगटावर बसली.

"यासीनचाचा, यासीनचाचा, पोटाचा हब द्या. बाई टाकतात पीपूला. आजोबा देईनात घास. हब देईना वीज. पीपू देईना ऊब. मिटूची शेपटी गार. मिटूचे पाय गार. मिटूचं पोट गार."

यासीनभाई थांबले. पीपू पिंपावर तसाच लोंबकळला.

"पोटाचा हब?" ते म्हणाले. "मला तर सगळे तोंडंच विचारतात, बेटा. चारचा आहे, सातचा आहे, दहाचा आहे. दहाचा देऊ?"

"तोंडं नका मोजू, चाचा. तो जेवतो कुठे, ते सांगा."

यासीनभाईंनी बाईंकडे बघितलं. बाईंनी यासीनभाईंकडे बघितलं.

मग यासीनभाई वाकले. अगदी खालच्या फळीवरून एक खोकं काढलं. फू करून धूळ उडवली.

"हा बघ. तोंडं चारच, म्हणून कुणी घेत नाही. पण ह्याला वायरी दोन. एक जाते कॉम्प्युटरमध्ये. दुसरी जाते भिंतीत. हा आपलं आपण जेवतो."

बाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे पीपू बिघडला नाही?"

"नाही, बाई," इटू म्हणाली. "तो उपाशी आहे."

बाईंनी हात पुढे केले. त्यांनी पीपूला घेतलं. पदराखाली धरलं. आणि भराभर चालल्या.

यासीनचाचांनी दिला हब.
बाईंनी लावली वायर भिंतीत.
हबने खाल्ला घास, पोटभर.
हबने दिली वीज. थोरल्याला दिली, मधल्याला दिली आणि पीपूलाही दिली.

टक. लाल दिवा लागला.

पीपूने दिली ऊब.

मिटूचं पोट ऊन. मिटूचे पाय ऊन. मिटूची शेपटी ऊन. शेपटीचं टोक तेवढं गारच राहिलं. ते कायमचं गार राहिलं.

थोरला म्हणाला, "धाकट्या, सूर दे." मधला म्हणाला, "हो, आज तू आधी."

पीपू वाजला, पी पी.

आणि मिटूने डोळे उघडले. पहिल्यांदाच. लाल उजेडात त्याला कुणीतरी दिसलं. पाठ गोल. शेपटी लांब.

"आई?" मिटू म्हणाला.

इटूने दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. मग तिने मिटूला जवळ ओढलं. त्याच्या शेपटीचं गार टोक आपल्या पोटाखाली घेतलं.

"मी इटू," ती म्हणाली. "ये, माझ्या उबेत ये."

मिटूने डोळे उघडले, गोष्ट संपली.
आता तुझे तू मीट.