मेण्याला बांधलेले दोरे

“हे छत इतकं खाली घ्यायला कुणी सांगितलं?”

राजा गजसेन नव्याकोऱ्या मेण्यातून डोकं धरून बाहेर आला. बसताक्षणी ते छताला लागलं होतं आणि पागोट्याचा तुरा मोडून कानावर लोंबत होता. हसू दाबायला दरबारी मंडळींनी माना खाली घातल्या.

“कोंडाजी! या मेण्यातला एकेक तुकडा कुणाच्या हुकमावरून बसवलास, ते आत्ताच्या आत्ता सांग. एकही तुकडा बिनहुकमाचा निघाला, तर तुझी हत्यारं सरकारजमा!”

कोंडाजी सुताराला घाम फुटला. सहा महिने हुकूम येत होते, आज एक तर उद्या भलताच! ते सगळे लक्षात कसे राहणार? आणि हत्यारं गेली तर खायचं काय? तेवढ्यात त्याची मुलगी मैना पदर खोचून पुढे झाली. बापाच्या कामाला कुणी नावं ठेवलेली तिला मुळीच खपत नसे.

“सरकार, आपले हुकूम रेशमी दोऱ्यात बांधून येतात. आणि एका हुकमाचा रंग दुसऱ्याला कधी नसतो.”

“नसणारच! राजे आहोत आम्ही!”

“म्हणून मी प्रत्येक दोरा कापला. अर्धा हुकमाच्या कागदाला ठेवला, अर्धा त्या हुकमावरून केलेल्या तुकड्यांना नुसता अडकवला. तुकडा सांगितल्यासारखा झालाय हे तपासलं, की दोऱ्याला गाठ!”

राजा मेण्यात डोकावला. छताला जांभळा दोरा होता, गाठ मारलेला. मैनाने गठ्ठ्यातून जांभळ्या दोऱ्याचा कागद काढला: ‘छत वेशीच्या कमानीला घासता कामा नये.’

“आणि बैठक एवढी उंच का?”

पिवळा दोरा! ‘खिडकीतून आम्ही प्रजेला नीट दिसलो पाहिजे.’

“दोन्ही हुकूम आमचेच?” राजाचा आवाज जरा उतरला. “मग आम्हाला एकदा बसवून बघायचं नाही?”

“तीनदा विनवलं, सरकार. हे आपलं उत्तर, हिरव्या दोऱ्याचं.”

दौलतजी चोपदाराने चाचरत वाचलं, “‘आम्हाला वेळ नाही. चोपदाराला बसवून बघा.’”

सगळ्यांनी दौलतजीकडे पाहिलं. तो बिचारा राजाच्या खांद्याला जेमतेम लागे. मेणा त्याला अगदी छान झाला होता! दरबारात खसखस पिकली.

राजा चिडून पुन्हा आत शिरला आणि तुकडा न् तुकडा चाचपू लागला. एकदम ओरडला, “सापडलं! छताला आतून ही जाड गादी ठोकलीय. हिला रेशमी दोराच नाही, साधा सुती आहे! कुणाचा हुकूम?”

कोंडाजीने डोळे मिटून घेतले.

“कुणाचाच नाही,” मैना म्हणाली. “दोरा माझ्या लुगड्याचा. छत खाली, बैठक वर, आणि सरकार चोपदारांहून हातभर उंच! हुकूम मोडवेना, म्हणून गादी शिवली. तिला गाठ मात्र अजून मारलेली नाही, कारण सरकार बसलेच नव्हते. आता सांगा, डोक्याला लागलं का?”

राजाने टाळू चाचपली. पुन्हा एकदा चाचपली.

“नाही बुवा! नुसता तुराच मोडला!”

“मग मारते गाठ!”

राजा इतका हसला, की मोडका तुरा गळून खाली पडला. पागोट्यातली जरीची तार ओढून त्याने मैनाच्या हातात दिली.

“ही बांध त्या गादीला. आमचाच हुकूम, जरा उशिरा पोचला! कोंडाजी, तुझ्या हत्यारांना चांदीच्या मुठी बसवून घे. हा मेणा दौलतजीला द्या, त्याच्याच मापाचा आहे. आमच्यासाठी दुसरा करायला घे. आणि हो, माप द्यायला उद्या सकाळी आम्ही स्वतः येतो!”