खाली जाणारा सूर

"मग यात कमी काय आहे, अण्णा?"

परागनं हे तिसऱ्यांदा विचारलं.

नगारखान्यात आम्ही तिघंच. पराग, भिकाजीअण्णा, आणि माझ्या चौघड्याला टेकून मी.

एकेचाळीस वर्षं अण्णांनी देवीच्या दारात सूर धरला. वरची सनई धाकटा भाऊ वाजवी. अण्णांनी आपल्या सनईवर खालचा एकच सूर धरायचा, तुटू द्यायचा नाही. आता छातीनं साथ सोडली. सुराशिवाय भावाची सनईही दहा दिवस गप्प होती.

कमिटीनं सांगितलं होतं, अण्णा हो म्हणाले तर उद्या पहाटेपासून परागचं यंत्र सूर धरील. नाही म्हणाले तर नगारखान्याला कुलूप.

"विकतचं काही नाही, सगळं मी स्वतः जोडलंय," पराग म्हणाला. लॅपटॉपच्या पडद्यावर लहान लहान डबे होते, डब्यांमधून रंगीत तारा. "हा डबा सूर काढतो. हा त्यात फुंकर घालतो. तुमच्याच रेकॉर्डिंगवरून मिळवलाय. परत ऐका."

सूर लागला.

खरं सांगतो, डोळे मिटले असते तर मी अण्णांच्याच पाया पडलो असतो.

"माझाच आहे," अण्णा म्हणाले.

"तुमच्यापेक्षा बरा आहे. राग मानू नका. तुमचा सूर एका जागी जरासा खाली जायचा. पंधरा दिवसांचं रेकॉर्डिंग तपासलं. रोज जायचा. ती चूक मी काढून टाकली."

अण्णा हसले. हसता हसता खोकले. मी पाणी दिलं.

"कुठं जायचा म्हणतोस?"

"सुरू झाल्यावर चार-पाच मिनिटांनी. तिथं दम कमी पडत असेल..."

"दम नव्हे रे बाळा."

...

अण्णांनी खिडकीकडे बोट केलं. तिथून थेट गाभाऱ्याचं दार दिसतं.

"गुरव दार उघडतो. देवी दिसते. दोन्ही हात सनईवर, सूर तर सोडायचा नाही. मग नमस्कार कसा करायचा?"

आणि बसल्या जागी, हातात सनई नसतानाच, त्यांनी मान खाली घातली. थोडीच. परत वर घेतली.

परागनं लॅपटॉप पुढे ओढला.

"आणखी एक डबा बनवतो," तो म्हणाला. "पाचव्या मिनिटाला सूर आपोआप खाली जाईल."

"आणि गुरव उशिरा उठला तर?" मी म्हटलं. "त्याचा काय नेम!"

"मग दाराला कळ लावतो. दार उघडलं की..."

त्यानं लॅपटॉपवरचा हात काढून घेतला.

अण्णा सरकत सरकत त्याच्याजवळ आले. हात त्यांनी परागच्या मानेवर ठेवला.

"डबा बनव," ते म्हणाले. "त्याची तार मात्र इथं बांध."