धाकूने धाडलेला ईमेल

कोकणात एका खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं, आणि त्या गावात एक भोळा खलाशी होता. त्याचं नाव धाकू. भोळा म्हणजे किती, तर सांगितलेलं काम तो जसंच्या तसं करायचा, आणि घोळ नेमका तिथंच व्हायचा. एकदा दिलेला धडा तो कधी विसरत नसे. फक्त दुसऱ्याच जागी लावत असे.

धाकू जयवंत तांडेलांच्या गलबतावर कामाला होता. गलबत शिडाचं, जुनं, पण देखणं. तांडेलांच्या लेकीचं, शेवंतीचं, लग्न ठरलं होतं. नवरा हेमू, किनाऱ्याने वर गेलं की दिवसभराच्या वाटेवर त्याचं गाव. लेकीला सासरी न्यायची ती आपल्याच गलबतातून, शीड उभारून, असं तांडेलांनी ती पाळण्यात असतानाच बोलून ठेवलं होतं. मुहूर्त गोरज होता.

पण बंदरावरच्या साहेबांनी आडकाठी घातली. माणसं घेऊन जायचं तर गलबतावर हवामान यायला हवं आणि ईमेल जायला हवा, नाहीतर परवानगी नाही. तांडेलांचा जीव खालीवर झाला. शीड फाटलं तर त्यांना शिवता येत होतं. ईमेल त्यांनी कधी बघितलासुद्धा नव्हता.

म्हणून शहरातून नीलाक्षी नावाची इंजिनिअर बाई आली. हेमूच्या ट्रॉलरवरचं यंत्र तिनेच बसवलं होतं. तिने गलबतावर रेडिओ बसवला, त्याला लॅपटॉप जोडला, एक तार डोलकाठीवर चढवली आणि दुसरी तांब्याच्या पट्टीला जोडून समुद्रात सोडली.

"हे चालवणार कोण?" तिने विचारलं.

सगळ्यांनी धाकूकडे बोट दाखवलं. धाकू एका सातवीतच तीन वर्षं बसला होता, म्हणजे गलबतावर सर्वांत जास्त शिकलेला तोच.

"ताई, ही तार पाण्यात कित्याक?" धाकूने विचारलं.

"पाणी लागल्याशिवाय यंत्र बोलत नाही," नीलाक्षी म्हणाली.

"समाजला," धाकू म्हणाला.

नीलाक्षी दुपारच्या एसटीने परत गेली. संध्याकाळी तांडेल म्हणाले, "धाकू, माझ्या फोनाक रेंज नाय. काय होता तां बघ जरा."

धाकूने बघितलं. फोन बोलत नव्हता. त्याने फोनला सुतळी बांधली आणि समुद्रात सोडला.

थोड्या वेळाने तांडेल आले. "फोन खंय असा?"

"पाण्यात असा, काका. अजून बोलाक लागलो नाय."

तांडेलांनी सुतळी ओढली. फोनातून पाणी आलं, आणि एक लहानसा खेकडा आला. आवाज काही आला नाही.

"अरे येड्या, मशीन पाण्यात सोडतत काय? मशीन म्हटला की प्लास्टिकात गुंडाळूचा, पाण्यापासून लांब, उंच ठेवूचा."

"समाजला," धाकू म्हणाला.

लग्नाच्या आदल्या दिवशी गलबताच्या तळाशी पाणी झिरपलं. जुन्या गलबतात ते झिरपतंच. तांडेल वरून ओरडले, "धाकू, पंप बघ रे."

धाकू खाली उतरला. बघतो तर पंप पाण्यात. त्याला फार वाईट वाटलं. त्याने पंप काढला, पुसला, प्लास्टिकात गुंडाळला आणि दोरीने डोलकाठीच्या टोकाला चढवला.

पाणी गुडघ्यापर्यंत आलं तेव्हा तांडेल धावत आले. "पंप खंय?"

"वरती असा. एकदम सुको."

तांडेलांनी वर बघितलं. पंपावर एक कावळा बसला होता. मग सगळ्या खलाशांनी बादल्या घेतल्या आणि पाणी उपसता उपसता त्यांच्या नाकी नऊ आले.

"परत बोटीत पाणी दिसला तर मशीनच्या मागे लागू नको," तांडेल धापा टाकत म्हणाले. "कोणाक इचारू नको, वाट बघू नको. उचल आणि भायर फेक."

"समाजला," धाकू म्हणाला.

लग्नाच्या दिवशी पहाटे सुलोचनाकाकींनी, म्हणजे तांडेलांच्या बायकोने, वऱ्हाडासाठी हंडाभर सोलकढी करून गलबतावर आणून ठेवली आणि त्या लेकीची वेणी घालायला गेल्या. धाकू तिथून चालला होता. त्याला बोटीत पातळ काहीतरी दिसलं. त्याने कोणाला विचारलं नाही, वाट बघितली नाही. खाडीचं पाणी बांधापर्यंत गुलाबी झालं.

काकी हंड्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी हंडा उपडा करून बघितला.

"मेल्या, फेकूच्या आधी चाखून तरी बघूचा," त्या शेवटी म्हणाल्या. "चांगला लागला तर ठेवूचा. वायट लागला तरच फेकूचा."

"समाजला," धाकू म्हणाला.

इतक्यात यंत्र किणकिणलं. हवामान आलं. पडद्यावर समुद्राचा नकाशा, त्यावर वाऱ्याचे बाण. सकाळचे बाण हिरवे, दुपारनंतरचे लाल. हिरवा म्हणजे मंद वारा आणि लाल म्हणजे जोराचा, हे नीलाक्षीने शिकवलं होतं आणि धाकूला ते बरोबर आठवत होतं. त्याने आधी पडद्याला जीभ लावली. चव कळेना. मग त्याने नुसतं बघून ठरवलं. सकाळचं चांगलं होतं, ते ठेवलं. दुपारचं वाईट होतं, ते पुसून टाकलं.

"हवामान काय म्हणता?" तांडेलांनी विचारलं.

"जेवढा असा तेवढा सगळा चांगला असा."

जन्मभर आभाळ बघून गलबत हाकणारा माणूस, पण यंत्रापायी एवढा खटाटोप केला होता, तेव्हा आज त्यांनी आभाळाकडे ढुंकूनही बघितलं नाही. पूर्ण शीड उभारलं. शेवंती हिरवा चुडा सांभाळत नाळेवर, गलबताच्या पुढच्या टोकाशी, बसली. गलबत निघालं. तांडेलांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि धाकू बादली घेऊन येतोय असं दिसताच त्यांनी ते घाईघाईने पुसलं.

दुपारी वारा आला. असा आला की शीड वरपासून खालपर्यंत टरकन फाटलं. काकींनी देव पाण्यात ठेवले, मनातल्या मनात. तांडेलांनी कसंबसं गलबत किनाऱ्याच्या आडोशाला घेतलं, लहान शीड चढवलं, आणि मग धाकूला गाठलं.

"ह्यो वारो यंत्रात नाय होतो?"

"होतो. वायट होतो म्हणून फेकलंय."

तांडेलांनी कपाळावर हात मारला. "वायट असात तां पयला सांगूचा, धाकू. चांगला काय, मागाहून सांगलंस तरी चलात."

"समाजला."

"आता हेमूक ईमेल धाड. वारो लागलो, शीड फाटला, पण माणसां सुखरूप असत, मुहूर्ताक पोचतो."

धाकूने विचार केला. वाईट काय होतं ते पहिलं धाडलं. 'वारो लागलो. शीड फाटला.' चांगलं मागाहून धाडायचं होतं, म्हणून तो जेवायला बसला.

इकडे हेमूच्या गावात हाहाकार उडाला. नवरी बुडते आहे म्हटल्यावर कोण थांबणार? हेमू मुंडावळ्यांसकट ट्रॉलरवर चढला. गावातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या बोटी निघाल्या, आणि सगळ्या सरळ खोल समुद्रात गेल्या. गलबत किनाऱ्याकिनाऱ्याने येऊन बंदराला लागलं, तेव्हा मांडवात फक्त भटजी होते, आचारी होता आणि बसून बसून कंटाळलेला सनईवाला होता.

"नवरो खंय?" तांडेलांनी विचारलं.

"तुम्हाला शोधायला गेलाय," भटजी म्हणाले. "आणि मुहूर्त काही थांबायचा नाही."

शेवंतीचे डोळे भरले. इतका वेळ वाऱ्यात ती रडली नव्हती, पण रिकामा मांडव बघून तिला राहवेना. ते बघून तांडेलांच्या पायाखालची वाळू सरकली. त्यांनी धाकूचा कान धरला आणि त्याला यंत्रासमोर बसवलं.

"माणसां सुखरूप असत, ह्यां धाडलंस?"

"तां चांगला होता, काका. आता धाडतलंय."

"आता तुझी अक्कल नको. मी बोलतंय त्यातलो शब्दान् शब्द लिही. एक गाळूचो नाय."

"समाजला," धाकू म्हणाला आणि बोट उगारून बसला.

"लिही. हेमू, आमी पोचलो. शेवंती बरी असा. असशीत तसो ताबडतोब ये." इथवर सांगून तांडेलांना दम लागला. समोर धाकूचा तो शांत चेहरा दिसला आणि त्यांचा तोल गेला. "आणि गाढवा, तुझ्यापायी माझ्या चेडवाचा लगीन रवला. एवढा काम झाला की हयसून चालतो हो. परत माका तुझा तोंड दाखवू नको."

"झाला?" धाकूने विचारलं.

"झाला. धाड."

धाकूने धाडलं.

सूर्य टेकायला आला आणि ट्रॉलर बंदरात घुसला. हेमू खरोखरच असेल तसा आला. चिंब भिजलेला, अनवाणी, आणि डोक्यापासून हनुवटीपर्यंत टॉवेल गुंडाळलेला. सोबत्यांनी हात धरून त्याला मांडवात आणला. विचारायला वेळ नव्हता. भटजींनी अंतरपाट धरला, मंगलाष्टकं उरकली, अक्षता पडल्या, अंतरपाट दूर झाला. मुहूर्त साधला. शेवंतीने मान वर करून बघितलं, तर समोर टॉवेल.

"जावयबापू, तोंडावरचा टॉवेल काढा आता," तांडेल हात जोडून म्हणाले.

"तुमीच कळवलास, तोंड दाखवू नको म्हणून," टॉवेलातून आवाज आला. "सासऱ्याचो पयलोच शब्द. मोडूक बरा दिसात काय?"

तांडेल हळूहळू धाकूकडे वळले. तेवढ्यात भटजींनी हेमूच्या उपरण्याची आणि शेवंतीच्या शालूची गाठ मारली.

"भटजी, काम झाला?" हेमूने विचारलं.

"झालं," भटजी म्हणाले.

तसा हेमू उठला आणि चालता झाला. टॉवेलामुळे वाट दिसत नव्हती, म्हणून समुद्राच्या दिशेने चालता झाला. गाठ बांधलेली, तेव्हा शेवंतीही मागोमाग निघाली. वरात निघाली असं समजून सनईवाल्याने सनई लावली आणि सगळं वऱ्हाड त्यांच्या मागून पाण्यात उतरलं. शेवटी शेवंती तांडेलाची लेक. पाणी घोट्याला लागताच तिने गाठ धरून नवऱ्याला असा वळवला की तो नीट घराच्या रस्त्याला लागला.

मांडवात तांडेल आणि धाकू असे दोघेच उरले.

"काका," धाकू म्हणाला, "एक पण शब्द गळलो नाय."