संत्र्याएवढा वाघ

ही गोष्ट शपथेवर खरी आहे, मी डोळ्यांनी पाहिलेली. म्हणजे तेव्हा माझा जन्म झाला नव्हता, पण पाहिली.

फार पूर्वी कुसुमताई नावाच्या चित्रकार मुलांच्या पुस्तकासाठी काचेवर वाघ काढत होत्या. काचेच्या मागून रंगवायचं आणि पुढून बघायचं, म्हणून तिथे मिशा-पट्टे आधी, अंगाचा रंग नंतर. ताई चहाला उठल्या, तसा नारिंगी रंग फुगला.

"वाघाचं अख्खं अंग मी. पहिला मान माझा."

"दादा, तुम्ही आधी बसलात तर आम्ही दिसणार नाही," काळा म्हणाला.

"दिसायला मी आहे की," म्हणत नारिंगी ऐसपैस गोल पसरला. काळ्याने मुकाट्याने त्याच्या पाठीवर डोळे, मिशा, पट्टे काढले.

ताईंनी येऊन काच उलटली. शेजारच्या यमुनाकाकू म्हणाल्या, "अगं, संत्रं झकास जमलंय."

"काकू, वाघ आहे हो मी," नारिंगी काकुळतीला आला. "जरा मागून बघा ना."

काकू संत्र्याच्या फोडी मोजायला लागल्या. ताईंनी ओली काच फडक्याने पुसली आणि पुन्हा ब्रश उचलला. रंगाच्या वाटीत उरलेला नारिंगी तळाशी जाऊन म्हणाला, "काळेराव, आधी तुम्ही बसा."

यात रंग बोलले ते अगदी खरं. वाघ मात्र माझ्या पदरचा. ताई मांजर काढत होत्या.