बुडबुड्याचं ऐकणारा कॅलिपर

त्या काळी माणसं चहाला गेली की अवजारं बोलायची. अण्णा भोसेकरांनी अंगणातच आपल्या जुन्या जीपला नवाकोरा कॅलिपर बसवला होता, चाकाला आवळून थांबवणारा. कुंकू लागलं, नारळ फुटला आणि गडी आणखीच ताठला.

"आता ब्रेकच्या तेलात शिरलेली हवा काढू," पाना म्हणाला. "तुझा स्क्रू सैल सोड."

नळीतला बुडबुडा घाईघाईने कुजबुजला, "साहेब, ऐकू नका! तेलाचे ओघळ येतील. एवढं देखणं अंग खराब कराल?"

कॅलिपरला ते पटलं. त्याने स्क्रू असा आवळून धरला की चहा पिऊन आलेल्या अण्णांना तो हलेना. "राहू दे, नवीनच तर आहे," म्हणत त्यांनी चाकाखालचं लिंबू चिरडून जीप काढली.

उतारावर ब्रेक दाबला, तर पाय चिखलात रुतावा तसा खाली गेला. जीप थेट उकिरड्यात! देखणा कॅलिपर शेणाने माखला.

"काढा हो पानेकाका, काय असेल ते!" अण्णा बायकोला बोलवायला जाताच तो रडकुंडीला आला.

बायकोने ब्रेक दाबून धरला, अण्णांनी स्क्रू सोडला आणि तेलाबरोबर बुडबुडा बाहेर सटकला.

जाता जाता तो हॉर्नपाशी थांबला. "वा साहेब! काय गोड गळा तुमचा!"

"उभा का?" हॉर्न म्हणाला. "ये की आत, बस."