आपांच्या खोलीतला साक्षीदार

देवाशपथ सांगतो, ही गोष्ट घडली तशीच सांगतोय. एक अक्षर पदरचं नाही. मी तिथं स्वतः हजर होतो. म्हणजे हजर नव्हतो. पण जो होता त्याच्या तोंडून ऐकलंय, आणि तो माणूस खोटं बोलत नाही. फारसं.

“मागच्या मंगळवारी आत काय केलं तिनं?”

मिरजेचे वकील धनपाल मगदूम दारात आडवे उभे होते. समोर सलमाआपा. मुलांच्या वॉर्डात तीस वर्षं नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर खेळातून मुलांना बरं करण्याची विद्या रीतसर शिकून आल्या, आणि घरामागच्या पत्र्याच्या खोलीत वाळू, बाहुल्या, लाकडी गाड्या मांडून बसल्या.

“खेळली,” आपा म्हणाल्या.

“काय खेळली?”

“तिला ठाऊक.”

“तुम्ही तासभर आत होता.”

“होते.”

“मग?”

मगदूम वकिलांच्या उलटतपासणीत एका तलाठ्यानं स्वतःचं नाव ‘आठवत नाही’ म्हणून सांगितलं होतं, अशी कोर्टाच्या आवारात ख्याती. इथं एक म्हातारी बाई दाद देत नव्हती.

पाच महिन्यांपूर्वी वकिलांच्या बायकोची स्कूटर पडली. पाय मोडला, जीव वाचला. मागं बसलेल्या सहा वर्षांच्या लेकीला, अर्चिताला, खरचटलंसुद्धा नाही. आईला काही आठवेना. कुणीतरी म्हणालं, लाल टेम्पो गेला होता. वकिलांनी टेम्पोवाल्यावर दावा ठोकला. डोळ्यांनी पाहणारी एकटी अर्चू. तेव्हा रोज दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली की वकील तिला समोर बसवायचे. टेम्पो लाल होता ना? भरधाव आला ना? आईला उडवलं ना?

पंधरा दिवस ती मान हलवत राहिली. सोळाव्या दिवसापासून बोलायचीच थांबली.

“सोमवारी तारीख आहे, आपा. तिनं बोललं पाहिजे.”

“कुणाला पाहिजे?”



“मी बाप आहे तिचा.”

“म्हणूनच सांगत नाही. तुम्ही घरी जाऊन तिला विचाराल. मग ही खोलीही तिच्या हातची जाईल.”

“मग उद्यापासून मी तिला आणत नाही.”

“नका आणू. आजचा तास मात्र तिचा आहे. तो तुमचाही नाही, माझाही नाही. सरका.”

वकील सरकले नाहीत. चार महिने घरात ताटवाट्यांचाच काय तो आवाज होता, हे त्यांना सांगायचं होतं. ते सांगायची त्यांना सवय नव्हती.

“मला आत येऊ द्या.”

आपांनी आत जाऊन अर्चूला विचारलं आणि परत आल्या.

“या. शिकवायचं नाही. विचारायचं नाही. शाबासकी द्यायची नाही.”

“मग करायचं काय?”

“ती सांगेल ते.”

“ती बोलत नाही, आपा. तेच तर दुखणं आहे.”

“तुम्हाला ऐकू येत नाही, असं म्हणा.”

अर्चूनं बापाकडं बराच वेळ पाहिलं. मग कोपऱ्यातलं कोंबड्या झाकायचं डालगं ओढत आणलं आणि त्यावर थाप मारली. पंचवीस वर्षं दुसऱ्यांना पिंजऱ्यात उभं करणारा माणूस त्या डालग्यावर बसला. डालगं करकरलं.

ती वाळूकडं वळली. तळहातानं रस्ता आखला. लाकडी स्कूटर ठेवली, वर दोन बाहुल्या, एक मोठी, एक छोटी. फळीवरच्या टेम्पोला बोट लावलं… आणि तिथंच राहू दिला. शेजारचं मातीचं कुत्रं उचललं. एक कान तुटलेलं.

कुत्रं रस्त्यात आलं. स्कूटर पडली. मोठ्या बाहुलीचा पाय वाळूत गाडला गेला. छोटी बाजूला उभी राहिली.

मग सगळं परत उभं केलं. परत पाडलं. सात वेळा.

“टेम्पो कुठंय, बाळ?”

वकिलांच्या तोंडून निसटलंच.

अर्चू उठली, त्यांच्यापुढं आली आणि वाळूनं माखलेलं बोट तिनं त्यांच्या ओठांवर दाबून धरलं.

“तू गप्प.”

चार महिन्यांनी दोन शब्द.

वकील अर्धवट उठले. “आपा, बोलली ती, बो…”

बाहुलीच्या झग्याला टाका घालता घालता, वर न बघता, आपांनी त्यांचा खांदा खाली दाबला.

“तुम्हाला सांगितलंय तिनं काहीतरी.”

वकील बसले. पूर्ण तास बसले. ओठावरची वाळू सुकली, तीही पुसली नाही. स्कूटर आणखी चारदा पडली. शेवटच्या खेपेला छोट्या बाहुलीनं मोठीचा पाय वाळूतून उकरून काढला.

बाहेर पायरीवर आल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, “म्हणजे टेम्पो नव्हताच. कुत्रं आडवं आलं.”

“तो खेळ आहे, वकीलसाहेब. पुरावा नाही.”

“मग त्याचा अर्थ काय धरायचा?”

“धरायचाच कशाला?”

वकिलांनी काखेतली फाईल उघडली. साक्षीदारांच्या यादीतल्या एका नावावर उभ्या उभ्या पेन ओढलं. कागद फाटला, इतकं जोरात. मग आपांकडं पाहिलं.

आपा पायरीवर सांडलेली वाळू झटकू लागल्या. शाबासकी नाही म्हणजे नाही.

आत अर्चू वाळू पाखडत होती. आवाज येत होता.

“ती बरी होतेय, हे मला कळणार कसं?” वकिलांनी विचारलं. “तुम्ही तर काही सांगणार नाही.”

इथं थांबून कबूल करतो. वकील पूर्ण तास गप्प बसले, ते मी रचलं. अकरा मिनिटं बसले. पुढं खोकल्याचं निमित्त काढून बाहेर आले, आणि बाकीचा वेळ पायरीवर काढला. बाकी सगळं तसंच. आणि आपांचं उत्तर तर मला बापजन्मात सुचलं नसतं.

आपा परत आत जायला वळल्या होत्या. दाराशी थांबून म्हणाल्या,

“तुमचं ऐकेनाशी झाली की समजा.”