राजाच्या दारातला उपास

फार पूर्वी आयर्लंडच्या हिरव्या बेटावर इतके राजे होते, की एकाच्या कोंबड्याने बांग दिली की शेजारच्या राजाला जाग यायची. अशाच एका छोट्या राज्याचा राजा होता दूनगल. शूर होता, दिलदारही होता, पण त्याच्या पायाला भिंगरी होती. तीन दिवस घरी बसला की तो येरझाऱ्या घालू लागे. मग शेजारच्या राज्यावर धाड घालायची, गुरे हाकून आणायची, की पुढचे तीन दिवस बरे जात.

एकदा अशीच लुटीची गुरे घेऊन त्याचे लोक धावतपळत परतत होते. वाटेत त्याच्याच राज्यातल्या एका विधवेची तांबडी गाय चरत होती. घाईत तीही कळपात हाकली गेली. बाईचे सारे घर त्या एका गाईवर चालत होते.

दुसऱ्या दिवशी ती राजाच्या गढीवर आली. "महाराज, तांबडी गाय माझी आहे."

राजा घोड्यावर चढत होता. "सोमवारी ये. न्याय सोमवारी असतो."

सोमवारी ती आली, तर राजा शिकारीला. पुढच्या सोमवारी आली, तर राजा धाडीवर.

मग बाई गढीच्या दारात उपाशी बसली. त्या देशात तशी रीतच होती. अन्याय करणाऱ्याच्या दारात उपास धरायचा, आणि दारातला माणूस उपाशी असेपर्यंत आतल्यानेही जेवायचे नाही. जेवला, तर त्याच्या शब्दाला किंमत उरत नसे, मग तो राजा का असेना.

न्याय सांगणारा म्हातारा राजाला म्हणाला, "गाय देऊन टाका, महाराज. तिचीच आहे."

"ते मलाही माहीत आहे. पण आज हिला दिली, तर उद्या सगळा मुलूख दारात येऊन बसेल. उपाशी काय, मीही राहीन."

राहिला, पण एकच दिवस. दुसऱ्या दिवशी त्याला बसवेना की उभे राहवेना. तटावरून डोकावावे, तर बाई तिथेच. मागे जावे, तर चुलीवरच्या मांसाचा वास. त्यातून उद्या सकाळीच मोठी धाड ठरलेली, आणि रिकाम्या पोटी लढणार कसे? शेवटी चार विश्वासू शिपाई घेऊन तो मागच्या वाटेने रानात गेला. डुक्कर मारले, भाजले, पोटभर खाल्ले. "रीत गढीपुरती. हे तर रान आहे," तो म्हणाला. शिपाई खाली मान घालून खात राहिले.

परत येताना तो मुद्दाम पुढच्या दाराने आला. बाईने त्याच्या मिशीवरची चरबी पाहिली. ती भिंतीला धरून उठली आणि घरी गेली. राजाला वाटले, आपण जिंकलो.

सकाळी शिंग फुंकले. कोणी आले नाही. पुन्हा फुंकले. तेव्हा कालच्या चौघांपैकी एक शिपाई आला, तोही बिनहत्यारी.

"महाराज, मी लढाईत मेलो तर माझी पोरं तुम्ही सांभाळाल, असा शब्द तुम्ही दिला होता. काल मी तुमच्या शेजारी बसून ते मांस खाल्लं. आता तुमच्या शब्दावर मी कसा लढू?"

राजाचे धाबे दणाणले. तो स्वतः गाय घेऊन चिखल तुडवत बाईच्या दारी गेला. "बाई, ही घे तुझी गाय. वर आणखी वीस देतो. फक्त लोकांना एवढं सांग, की राजाने रीत पाळली."

बाईने गाईचे दावे हातात घेतले. तिच्या पाठीवरून हात फिरवताना बाईला रडू आले. मग डोळे पुसून ती म्हणाली, "गाय परत आली, हे सांगेन, महाराज. तुम्ही जेवला नाहीत, हे कसं सांगू?"

वीस गाई तिने घेतल्या नाहीत. त्याच महिन्यात लोकांनी दूनगलच्या चुलतभावाला राजा केले.

तात्पर्य: चूक वेळेवर कबूल केली तर एका गाईवर भागते, उशीर केला तर सारा गोठा दिला तरी पुरत नाही.